वाचकांचे प्रश्न : वाचताना अडखळणारी मुलं

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. अक्षरं सगळी ओळखते, बाराखडी घडाघडा म्हणते, पण वाक्य आलं की एकेक अक्षर जोडत बसते आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. आम्ही रोज मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावून वाचून घेतो, तर आता पुस्तक काढलं की रडायलाच लागते. काय करू?
– एक आई

ताई, आधी तो टायमर बंद करा. वेग नको असं नाही, पण वेग हा सवयीने येतो, मागे लागून नाही. अक्षर ओळखण्यातच सगळं लक्ष खर्ची पडलं तर अर्थासाठी डोक्यात जागा उरणार कुठून? लाबर्ज आणि सॅम्युअल्स या अमेरिकन संशोधकांनी १९७४ मध्ये हेच मांडलं होतं, आणि पुढे १९७९ मध्ये सॅम्युअल्सने त्यावर साधा उपाय लिहिला, छोटा उतारा घ्या आणि तोच परत परत वाचा.

पन्नास ते शंभर शब्दांचा उतारा पुरे. विसात एखादा शब्द अडला तर चालेल, त्याहून जास्त अडत असतील तर सरळ खालच्या वर्गाचं पुस्तक घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पहिल्यांदा तुम्ही वाचा, नेहमी बोलता तसं, बोट शब्दांखालून सरकवत, मग दोघी मिळून, मग ती एकटी. ती अडली की लगेच तोंडात शब्द भरवू नका, मनात चारपर्यंत मोजा, तरी नाही जमलं तर शब्द सांगून टाका आणि पुढे चला, तिथे स्पेलिंगचा तास घेऊ नका. दहा मिनिटं झाली की पुस्तक बंद, तिला अजून हवं असेल तर गोष्ट वेगळी.

आणि अडते कुठे ते नीट बघा, खरी गंमत तिथे आहे. 'बदक' हा शब्द सुटा वाचताना ती 'ब', 'द', 'क' असे तीन पूर्ण उच्चार करते, पण आपण बोलताना शेवटच्या क मधला अ गिळतो. म्हणजे जोडून जे ऐकू येतं ते तिच्या ओळखीच्या बदकासारखं वाटतच नाही, आणि आपण म्हणतो अगं एवढं सोपं कसं येत नाही! 'किती' मधली पहिली वेलांटी क च्या आधी दिसते पण बोलायची नंतर, 'सूर्य' मध्ये रफार य च्या डोक्यावर आणि उच्चार य च्या आधी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. दोन-तीन दिवस तिच्या नकळत अडलेल्या शब्दांवर पेन्सिलने बारीक टिंब करा, बहुतेक वेळा एकाच जातीचे शब्द निघतात. मग तेवढेच पाच-सहा शब्द चिठ्ठ्यांवर लिहून खेळता खेळता वाचायचे, आख्खी बाराखडी पुन्हा गिरवायची काही गरज नाही.

मिनिटाला इतके शब्द आलेच पाहिजेत असे जे तक्ते फिरतात ना, त्यातले इंग्रजी वाचनाचे आकडे मराठीला लावू नका. इंग्रजीत ज्याला तीन-चार शब्द लागतात तो 'शाळेतल्यासारखं' आपल्याकडे एकच शब्द मोजला जातो!

प्रश्न : नातू एकच गोष्ट रोज वाचतो. मला वाटतं पाठ झालीय त्याला. याला वाचन म्हणायचं का?
– एक आजोबा

खात्री करायची असेल तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा आजोबा. सांगितला तर वाचतोय. नुसतं पाठ असेल तर तो सुरुवातीपासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येईल, तेव्हा त्याचं बोट शब्दांवर ठेवायला लावा म्हणजे झालं. बाकी वाचू द्या त्याला. वर सांगितलेल्या सॅम्युअल्सच्या १९७९ च्या लेखात आहे की मुलांनी एक उतारा पक्का केला की पुढचा कोरा उतारा ती सुरुवातीलाच आधीपेक्षा जास्त वेगाने वाचायची, म्हणजे घोकलेलं वाया जात नाही.

प्रश्न : वर्गात मी एकेकाला उभं करून परिच्छेद वाचायला लावते. तरी प्रगती दिसत नाही.
– एक शिक्षिका

मॅडम, स्पष्टच सांगते, यात एक वाचतो आणि बाकीचे आपला परिच्छेद कितवा ते मोजत बसतात. प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट, आणि जो अडखळतो त्याची वर्गासमोर शोभा होते ती वेगळीच. त्यापेक्षा जोड्या लावा, एक बरा वाचणारा आणि एक त्याच्यापेक्षा थोडा मागे, फार मागे नको. दोघांनी तोच उतारा आळीपाळीने वाचायचा, तुम्ही बाकांमधून फिरत कान द्यायचा. कधी सगळ्यांनी एका सुरात. संवाद असलेला धडा असेल तर पात्रं वाटून द्या, मग रागाचं वाक्य रागाने म्हणायला पोरं स्वतःहूनच चार वेळा वाचतात आणि स्वल्पविरामाला थांबतातही, ते थांबणं आलं म्हणजे अर्थ कळतोय समजा. अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा, म्हणजे वाचनावरचं संशोधन तपासणाऱ्या समितीचा, २००० सालचा अहवालही हेच सांगतो की मोठ्याने, परत परत आणि कोणी मदतीला असताना केलेल्या वाचनाचा फायदा होतो.

प्रश्न : तिसरी संपत आली, सगळं करून झालं, तरी साधे शब्द अडतात. आळशीपणा म्हणायचा का?
– एक बाबा

आळशी म्हणू नका हो. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ते ठीक असतील आणि कालच वाचलेला शब्द आज पुन्हा अनोळखी वाटत असेल, लिहितानाही तसाच गोंधळ होत असेल, तर डिस्लेक्सिया, म्हणजे शब्द ओळखणं आणि लिहिणं जड जाण्याची अडचण, आहे का ते तज्ज्ञांकडून बघून घ्या, बुद्धीशी त्याचा संबंध नाही. जाताना त्याची वही आणि अडणाऱ्या शब्दांची यादी बरोबर न्या, नुसतं 'वाचत नाही' सांगण्यापेक्षा त्यांना त्यातून बरंच कळतं.