पोरगी समुपदेशक व्हायचं म्हणतेय, पण त्यात पोट भरतं का?

नमस्कार ताई,

तुमचं कराडहून आलेलं पत्र दोनदा वाचलं. मुलगी टीवायबीएला, विषय सायकॉलॉजी, तिला बायकांसाठी समुपदेशक व्हायचंय, आणि तुमच्या जाऊबाई म्हणतात "लोकांची रडगाणी ऐकायचे पण पैसे मिळतात होय?" शिवाय सहा महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोमाची जाहिरात दिसलीय, फी पंचेचाळीस हजार, तो करून लगेच ऑफिस टाकू का असं ती विचारतेय.

आधी डिप्लोमाचं सांगते. नको. पंचेचाळीस हजार ठेवा बाजूला, एम.ए. किंवा एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाला, हॉस्टेलच्या खर्चाला येतील.

तुम्ही लिहिलंय की सगळ्या मैत्रिणी रडायला हिच्याकडेच येतात आणि ही त्यांना बरोबर सल्ला देते. पहिली गोष्ट चांगलीय, दुसरीचीच मला काळजी वाटते. माझ्याकडे येऊन गेलेली एक मुलगी एमएसडब्ल्यूच्या फील्डवर्कला होती, पहिल्याच आठवड्यात मार खाऊन आलेल्या एका बाईला ही भावनेच्या भरात म्हणाली, "सोडून द्या त्याला, कशाला सहन करता?" बाई मान हलवून गेली ती परत आलीच नाही. नंतर सुपरव्हायजरने तिला विचारलं, सोडून ती जाणार कुठं, दोन पोरं कुठं ठेवणार, रेशन कार्ड कुणाकडे आहे, यातलं तू काय विचारलंस? काहीच नव्हतं विचारलं. घर सोडताना किंवा सोडायचं ठरवल्यावर मार वाढूही शकतो, म्हणून आधी सेफ्टी प्लॅन करतात, म्हणजे आधार, पासबुक, पोरांचे दाखले यांच्या झेरॉक्स विश्वासातल्या घरी ठेवायच्या, रात्री कुणाचं दार वाजवायचं ते ठरवायचं, आणि निघायचं की नांदायचं हा निर्णय बाईचाच. बाईला सक्षम करणं म्हणतात ते हे एवढं किरकोळ दिसणारं काम असतं, भाषण नसतं.

आता वाटा. बायकांच्या प्रश्नांवरच काम करायचं असेल तर माझा कल एमएसडब्ल्यूकडे आहे, मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), निर्मला निकेतन, तुम्हाला जवळ हवं तर पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, कारण तिथं फील्डवर्क शिक्षणाचाच भाग असतो. सायकॉलॉजीतच पुढे जायचं असेल तर दोन वर्षांचं एम.ए., पण नुसत्या एम.ए.वर पाटीवर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहिता येत नाही हं, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, मान्यता असलेला कोर्स आणि त्यांच्याकडे नोंदणी लागते. आणि गोळ्या लिहून देणं सायकियाट्रिस्टचं काम, हे सांगावं लागतं कारण निम्मे पालक दोन्ही एकच समजतात.

नोकऱ्या कुठं आहेत तर जिथं बायका मुळात पोचतात तिथं. मुंबईत १९८४ ला टिसने पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तो पोलिसांच्याच आवारात, आणि आता असे कक्ष राज्यभर आहेत. तसंच वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमधलं दिलासा केंद्र, मार खाणाऱ्या बायकांना समुपदेशन देणारं, महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या सेहत संस्थेने मिळून उभं केलेलं. त्यामागचा विचार मला फार आवडतो, बाई पोलिसात जाणार नाही पण दवाखान्यात येतेच, "जिन्यावरून पडले" म्हणत येते, "चुकून औषध प्यायले" म्हणत येते, तर तिला तिथंच कुणीतरी नीट विचारलं पाहिजे. शिवाय अत्याचार झालेल्या बायकांना सगळी मदत एकाच ठिकाणी देणारी २०१५ पासूनची सखी वन स्टॉप सेंटर, बायकांसाठीची १८१ हेल्पलाइन, २०२२ ला सुरू झालेली मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा टेलिमानस, संस्था, शाळा-कॉलेजं.

पैशाचं खरं सांगते, जाऊबाई अगदीच चुकीच्या नाहीत. योजनांमधल्या जागा बहुतेक कॉन्ट्रॅक्टवर, मानधनावर, सुरुवातीला हातात फार येत नाही. अनुभव घेऊन पुढे कंपन्यांच्या कर्मचारी समुपदेशनात किंवा स्वतःच्या प्रॅक्टिसमध्ये गेलं की बरं मिळतं, पण त्याला वर्षं द्यावी लागतात. घरात दोन-तीन वर्षं तिच्या पगारावर अवलंबून राहायची वेळ येणार असेल तर आत्ताच मोकळं बोला तिच्याशी.

तुमचा दुसरा प्रश्न, दुसऱ्यांची दुःखं ऐकून तीच खचली तर? खचतात, एकट्याने काम करणारे जास्त. म्हणून या कामात सुपरव्हिजन असतं, आपल्या केसेस अनुभवी माणसासमोर ठेवून बोलायचं, आणि चांगले समुपदेशक स्वतःसुद्धा समुपदेशन घेतात. ऑफिस टाकायची घाई नको म्हणते ती यासाठीपण. कायदाही शिकावा लागतो, २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा, संरक्षण अधिकाऱ्याकडचा डीआयआर, म्हणजे घरगुती हिंसेच्या घटनेचा अहवाल, कसा भरला जातो, आणि समोरची अठराच्या आतली असून तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवावंच लागतं, तिथं "कुणाला सांगणार नाही" असं वचन देता येत नाही. सहा महिन्यांच्या व्हिडिओत हे हाताला वळण लागेल असं कुणी शिकवत नाही.

शेवटी पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय की शेजारच्या घरात रात्री आरडाओरडा झाला की ही पोरगी त्या ताईंच्या दारात जाऊन बसते, आणि तिथूनच हे डोक्यात आलं. तिला सांगा एकटीने मध्ये पडू नकोस, मारहाण चालू असेल तर ११२ ला फोन. आणि त्या ताईंना १८१ नंबर द्या, पण नवरा मोबाईल तपासतो म्हणालात ना, तर तो "शिलाईवाली" नावाने सेव्ह करायला सांगा.