परदेशी मदत आणि गावातली अनाथ मुलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लांजा तालुक्यात आमची नोंदणीकृत संस्था आईबाप नसलेल्या मुलांचं वसतिगृह चालवते. अमेरिकी सरकार अशा मुलांसाठी निधी देतं असं कळलं. थेट अर्ज करता येईल का?

नाही. अमेरिकेनं २००५ साली विकसनशील देशांतल्या अनाथ मुलांसाठी कायदा केला हे खरं. ‘पेपफार’ या २००३ पासूनच्या एचआयव्ही कार्यक्रमातही १० टक्के रक्कम अशा मुलांसाठी राखीव होती. पण तो पैसा मुख्यतः आफ्रिकेत गेला, आणि मोठ्या संस्थांच्या हातून. त्यांच्याकडून लहान संस्थांनी हिस्सा घ्यावा, तर परदेशी देणग्यांवरच्या भारतीय कायद्यात (एफसीआरए) २०२० साली झालेल्या दुरुस्तीनं असा निधी पुढे दुसऱ्या संस्थेला द्यायलाच बंदी आली. ‘यूएसएड’ या अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत संस्थेचं कामही १ जुलै २०२५ पासून थांबलं आहे. ‘परदेशी प्रकल्प आणून देतो’ म्हणत आगाऊ रक्कम मागणारा कुणी आला, तर चहा पाजून वाटेला लावा.

त्याहून तातडीचं : निराधार मुलं ठेवणाऱ्या संस्थेला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खाली वेगळी नोंदणी लागते. ट्रस्टची नोंदणी त्यासाठी चालत नाही. ती नसेल तर संस्थाचालकाला वर्षभरापर्यंतची कैद किंवा किमान एक लाख दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

प्रश्न : गुहागरच्या आमच्या बालगृहाला दोन भाऊ देणगी देणार आहेत. एक दुबईत नोकरीला, दुसरा लंडनला ब्रिटिश नागरिक. आमच्याकडे एफसीआरएची नोंदणी नाही.

पासपोर्ट बघा, पत्ता नको. दुबईच्या भावाकडे भारतीय पासपोर्ट असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. लंडनच्या भावाकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी तो परदेशी स्रोतच. त्याची रक्कम नेहमीच्या खात्यात आली की उल्लंघन झालं, मग ती पाच हजार का असेना. घोटाळे बहुतेक इथेच होतात : भाऊ प्रेमानं थेट गावच्या शाखेत पैसे टाकतो.

एफसीआरएच्या पाच वर्षांच्या नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि मागच्या तीन वर्षांत मूळ कामावर १५ लाख खर्च झालेला हवा. तेवढं नसेल तर एका देणगीदारासाठी, एका कामापुरती पूर्वपरवानगी मागता येते. त्याला देणगीदाराचं रकमेसह पत्र लागतं. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतात, तिथून तुमच्या वापराच्या खात्यात. या खात्यांत इथली वर्गणी मिसळू नका. व्याजही परदेशी निधीच धरतात. कार्यालयीन खर्च २० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दहा लाखांत दोन लाख. वार्षिक विवरण एफसी-४ ३१ डिसेंबरपर्यंत. वर्षभरात काही आलं नाही तरी ‘निरंक’ भरायचंच.

प्रश्न : नवरा होडीवरून बेपत्ता आहे, मृत्यूचा दाखला नाही. दोन मुलं माझ्याजवळ आहेत. त्यांना काही मिळेल का?

मिळू शकतं, आणि त्यासाठी परदेशाकडे बघायची गरज नाही. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २,२५० रुपये मिळतात, १८ वर्षांपर्यंत. एकच पालक असलेली मुलंही त्यात बसतात. दाखल्यासाठी सात वर्षं थांबू नका. पोलिसांतल्या बेपत्ता नोंदीची प्रत जोडा. सोबत मुलांचे जन्मदाखले, आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाइड आणि बँक पासबुक घ्या. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात द्या. गृहभेटीनंतर बाल कल्याण समिती आदेश काढते. अर्जाची पोच घेतल्याशिवाय तिथून उठू नका.