जुळ्यांचं बाळंतपण: अडतं ते बहुधा दुसऱ्या बाळापाशी

केज तालुक्यातलं गाव, बायकोला 30 वा आठवडा, जुळं आहे. बाळंतपण जवळच्या ग्रामीण रुग्णालयात होईल का, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते तिथे नको. रात्री-अपरात्री सिझेरियन, रक्त आणि नवजात अतिदक्षता विभाग एकाच छताखाली हवेत. तुम्हाला अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय सोयीचं.

आधी तिसऱ्या महिन्यातला सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधा. त्यात ‘डीसीडीए’ म्हणजे वार (बाळाला आईकडून पोषण पुरवणारा भाग) दोन. साधारण 37 व्या आठवड्यात बाळंतपण करतात. ‘एमसीडीए’ म्हणजे वार एकच, पाण्याच्या पिशव्या दोन. यात एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे वळू शकतं, म्हणून दर 2 आठवड्यांनी सोनोग्राफी आणि बाळंतपण 36 व्या आठवड्यात. पाण्याची पिशवीही एकच असेल तर नाळी गुंततात. 32 ते 34 आठवड्यांत सिझेरियनच. मात्र निम्म्याहून अधिक जुळी 37 आठवड्यांआधीच येतात, तेव्हा तारखेच्या भरवशावर गावात थांबू नका.

पहिलं बाळ डोक्याकडून असेल तर नॉर्मल होऊ शकतं. पायाळू किंवा आडवं असेल तर सहसा सिझेरियन. खरी कसोटी पहिलं बाहेर आल्यावर लागते. पोटात एकदम जागा झाल्यामुळे दुसरं आडवं फिरतं, पाणी फुटून नाळ आधी खाली येते किंवा वार सुटू लागते. म्हणून लगेच पोटावर हात ठेवून आणि सोनोग्राफीने त्याची स्थिती पाहतात, ठोके सतत ऐकतात. बाळंतपणानंतर रक्तस्राव थांबवायला देतात ते इंजेक्शन दुसरं बाळ बाहेर येईपर्यंत द्यायचं नसतं. दिलं तर गर्भपिशवी त्याच्यावरच आवळते. घरी किंवा वाटेत बाळंतपण झालं की नेमकं इथेच चुकतं.

त्यानंतर रक्तस्राव. जास्त ताणलेली गर्भपिशवी पटकन आवळत नाही. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर लोहाच्या सलाइनबद्दल आत्ताच विचारा, शेवटच्या आठवड्यांत गोळ्यांनी ते वेळेत भरून निघत नाही. रक्तगट तपासून ठेवा, रक्तदाते दोन तरी सांगून ठेवा.

ऊसतोडीला सोबत न्यायचा विचार असेल तर तो सोडा. 34 व्या आठवड्यापासून अंबाजोगाईत एखाद्या पाहुण्याकडे राहिलेलं बरं. 37 आठवड्यांच्या आत नियमित कळा, पाणी जाणं, रक्त जाणं, बाळांची हालचाल कमी होणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा बीपी 140/90 च्या वर, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा आणि जुळं आहे हे पहिल्याच वाक्यात सांगा.