कुत्र्याचं नाव माणसाला मिळालंय, असं एखादं पात्र आहे का?

आहे, आणि ते जगभर ओळखीचं आहे: हॉलिवूडच्या साहसी सिनेमांचा नायक इंडियाना जोन्स. त्याचं खरं नाव हेन्री, म्हणजे वडिलांचंच. १९८९च्या तिसऱ्या सिनेमात वडील त्याला सारखं ‘ज्युनिअर’ म्हणतात आणि अगदी शेवटी चारचौघांत सांगून टाकतात की इंडियाना हे आपल्या कुत्र्याचं नाव! मला हा प्रसंग फार आवडतो. वारशाने आलेलं नाव बाजूला ठेवून पोराने आपल्या लाडक्या कुत्र्याचं नाव लावलं. पडद्यामागेही तसंच घडलं होतं; हे पात्र रचणाऱ्या जॉर्ज लुकासच्या अलास्कन मॅलम्यूट जातीच्या कुत्र्याचं नाव इंडियानाच होतं.

उलट प्रकार जास्त सापडतो. ‘बॅक टू द फ्युचर’ या कालप्रवासाच्या सिनेमातल्या डॉक ब्राऊनचा कुत्रा आइन्स्टाइन, आणि १९५५ सालातला कोपर्निकस.