सगळे डोक्यावर घेतात ती पुस्तकं मला बोअर का होतात? वाचकांच्या मतावर विश्वास ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की भालचंद्र नेमाड्यांची कोसला 60 पानांवर सोडली, शिवाजी सावंतांची मृत्युंजय निम्म्यावर, आणि दोन्ही वेळेला लोक "एकदा तरी वाचलंच पाहिजे" म्हणत होते म्हणून घेतली होती. त्यामुळे आता कुणाच्या मतावर जायचं की नाही असं झालंय. जायचं हो, पण ते मत कोण देतंय आणि का देतंय हे बघून.

मी कॉलेजला असताना मिरजेत एका छोट्या वाचनालयात संध्याकाळी काउंटरवर बसायचो, चारेक वर्षं. पगार म्हणाल तर चहा-वडापाव सुटेल एवढाच, पण पुस्तकं फुकट आणि लोकांची मतं तर न मागता. पुस्तक बदलायला आलेला माणूस कार्ड पुढे करता करता एक वाक्य टाकतोच. "काय भंकस आहे", "रडवलं हो", "दुसरा भाग आहे का?" असलं काहीतरी. मी एन्ट्री करता करता ऐकत बसायचो आणि हळूहळू माझ्या लक्षात आलं की एकच वाक्य दोघं म्हणतात आणि दोघांचा अर्थ बरोब्बर उलटा असतो.

कोसलाचंच घ्या. एक रिटायर्ड मास्तर होते, त्यांनी दोन दिवसांत परत आणली, म्हणाले यात काही घडतच नाही. आणि एक होस्टेलवरचा पोरगा, त्याने ती तीनदा रिन्यू केली, शेवटी दंड भरला, तोही हेच म्हणाला, "यात काही घडतच नाही ना, म्हणूनच भारी आहे, आमचं पण असंच चाललंय." 1963 सालचं पुस्तक, गावाकडून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर, आणि ह्या पोराला वाटतंय की आपल्याच रूमची गोष्ट आहे. पुढे महिनाभर तो पांडुरंगासारखा दर वाक्यात "उदाहरणार्थ" म्हणायचा, डोकं उठायचं आमचं. आता ह्यात चूक कोण? कुणीच नाही. तुम्ही 60 पानांवर सोडलीत म्हणजे पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणापर्यंत पोचला नसणार, अनेक जण तिथे पहिल्यांदा अडकतात, पण तिथवर जायचा कंटाळा येत असेल तर राहू द्या, परीक्षा थोडीच आहे.

मृत्युंजयचं वेगळं, ती कर्णावरची कादंबरी. ती आवडणारे लोक कर्णाच्या बाजूने भांडायला तयार असतात, अक्षरशः काउंटरवर भांडणं झालीयत. अशा एका मेंबरला मी भोळेपणाने इरावती कर्व्यांचं युगांत दिलं, म्हटलं महाभारत आवडतंय तर घ्या. चार दिवसांनी परत, रागातच. "ह्या बाईंना कर्ण कळलाच नाही." त्यात कर्णाकडे माणूस म्हणून बघितलंय, त्याच्या चुकांसकट, आणि ह्यांना पाहिजे होता सूर्यपुत्र. दोन्ही पुस्तकं 1967 चीच, विषय तोच, पण एक कादंबरी आणि दुसरे लेख, आणि दोन्हीकडून वाचकाची मागणी वेगळी. मला विचाराल तर मी युगांतच्या बाजूचा, मृत्युंजय मला भाषेनेच दमवते, पण हे मी तेव्हा काउंटरवर बोललो असतो तर नोकरी गेली असती.

म्हणून बऱ्याचदा पुस्तक वाईट नसतं, वाचणारा भलत्याच मापाने मोजत असतो. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची स्वामी वाचून लोक म्हणायचे "इतिहास असा नव्हता", अहो पण ती कादंबरी आहे, थेऊरला माधवराव जातात तो शेवट वाचून तुमचे डोळे भरले की नाही ते सांगा. भयकथेबद्दल "भीतीच वाटली नाही" म्हणणाऱ्याला मी आधी विचारायचो, कधी वाचलीत? दुपारी एसटीत वाचली म्हणे. नारायण धारपांच्या भयकथा एसटीत वाचल्यावर दुसरं काय होणार! डिटेक्टिव्हवाल्यांचं सगळ्यात सोपं, कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचं, मी खोडायचो, पुढच्या फेरीला परत लिहिलेलं.

आणि नावाचा दबाव असतो तो वेगळाच. खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप ह्या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, कारण आपलं नाव बघून परीक्षकांचं मत फिरू नये. बक्षीस मिळालं तेही त्याच नावाने. आता एवढ्या मोठ्या माणसाला ही भीती होती तर ऑनलाइन पाच स्टार देणारे काय, ज्ञानपीठ मिळालेल्या लेखकाला तीन स्टार द्यायला हात धजत नाही. एक स्टारवाले निम्मे तर पार्सल फाटलं म्हणून चिडलेले असतात.

मी काय करतो ते सांगतो. कुणाचं मत वाचलं की आधी बघतो, मी वाचलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल हा माणूस काय म्हणालाय. त्याला आवडलं की नाही ते जाऊ दे, त्याने जे पकडलंय ते मलाही दिसलं होतं का एवढंच बघायचं. आमच्या वाचनालयात एक काकू होत्या, बँकेत होत्या, त्यांची माझी आवड कधीच जुळली नाही. त्या "फार कडू आहे, झोप लागली नाही" म्हणून बलुतं परत करून गेल्या आणि मी त्याच रात्री ते घरी नेलं. दया पवारांचं आत्मकथन ते, त्यात दगडू पवार दया पवारला, म्हणजे स्वतःलाच, आपली गोष्ट सांगतोय, सुरुवातच तशी आहे, तिथेच खिळलो. काकूंनी नको म्हटलेली आणखी पाचसहा पुस्तकं मी तशीच वाचली, एकही वाया गेलं नाही. त्यामुळे "काय आवडलं नाही" हे नीट सांगणारा माणूस सापडला तर धरून ठेवा, "अप्रतिम, निःशब्द" वाल्यांचा काही उपयोग नाही.

आता तुमच्यापुरतं बोलायचं तर जाड पुस्तकं थोडे दिवस बाजूला ठेवा. विश्राम बेडेकरांची रणांगण ही कादंबरी बघा, 1939 चं आहे, छोटं आहे, युरोपातून निघालेल्या बोटीवरचा एक मराठी माणूस आणि एक ज्यू मुलगी. दोन बैठकींत होतं. मागच्या पानावरचं आणि नेटवरचं काही वाचू नका, शेवट फोडून ठेवलेला असतो. नाहीच आवडलं तर कितव्या पानावर आणि कशामुळे सोडलं ते इथेच कमेंटमध्ये लिहा, पुढचं नाव त्यावरून सुचवतो.