प्रवाळाचा दगड वाढतो कसा?

प्रश्न: भाऊ, सुट्टीत मालवणला स्नॉर्कलिंग केलं. तिथला पोरगा म्हणे खालचं प्रवाळ जिवंत आहे, दरवर्षी वाढतं. दगड कसा वाढेल? आणि आईच्या अंगठीतलं पोवळं, जळगावला सराफाकडे घेतलेलं, ते पण यातलंच का? – एक वाचक, चोपडा

उत्तर: ताई, पोरगं बरोबर बोललं, फक्त सगळा दगड जिवंत नसतो, वरची पातळ साय तेवढी जिवंत. त्यात पॉलिप नावाचे मऊ प्राणी असतात, बरेचसे काही मिलीमीटरचेच. यांचं पिल्लू आधी पाण्यात तरंगत फिरतं, मग कुठे टणक खडक सापडला की चिकटतं ते कायमचंच, आणि पाण्यातलं कॅल्शियम घेऊन बुडाखाली चुनखडी साठवायला लागतं, एकाचे दोन, दोनाचे चार होतात, थर चढला की सगळे थोडे वर सरकतात आणि खालचं रिकामं घर तसंच राहतं.

खायचं म्हणाल तर रात्री बारीक जीव पकडतात, पण खरी मदार अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळावर, ते उन्हावर साखर बनवतं आणि बरीचशी मालकालाच देतं. म्हणून पाणी उथळ, कोमट आणि स्वच्छ लागतं. पावसाळ्यातल्या तापीसारखं गढूळ पाणी असलं की संपलं. पाणी जास्त तापलं तरी शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

वेग मात्र फारच कमी. गोलसर जाती वर्षाला जेमतेम 1-2 सेंटीमीटर, फांद्यांच्या जाती 10 पर्यंत. पण वेळ भरपूर! डार्विनने 1842 मध्येच मांडलं होतं की ज्वालामुखीचं बेट हळूहळू खचतं आणि प्रवाळ वर वर बांधत राहतं. 1952 मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक या प्रवाळ बेटाला ड्रिलिंग केलं तर सव्वा किलोमीटरहून जास्त चुनखडी लागली, मग कुठे ज्वालामुखीचा खडक! आपलं लक्षद्वीपही असंच, आणि गंमत म्हणजे त्याच्या बुडाचा खडक आणि तुमच्या विहिरीला लागतो तो काळा पाषाण एकाच हॉटस्पॉटचे, म्हणजे जमिनीखालून लाव्हा वर येतो अशा एकाच जागेचे, असं भूवैज्ञानिक मानतात.

पोवळं नात्यातलं, पण वेगळं. लाल पोवळं मुख्यतः भूमध्य समुद्रातलं, अंधाऱ्या पाण्यात वाढतं, अंगात शेवाळ नाही आणि असे खडकही बांधत नाही. मालवणचा तुकडा मात्र खिशात घालून आणला असेल तर अवघड आहे, खडक बांधणारं प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्याच शेड्यूलमध्ये, म्हणजे संरक्षित यादीत आहे. आणि अंगठीची पावती एकदा बघून घ्या, बांबू कोरल नावाचं दुसरंच प्रवाळ रंगवून पण पोवळं म्हणून सर्रास खपतं.