पगार घेत शिक्षक होता येतं का? इंग्लंडमधल्या रीडिंगच्या एका बाईंची शंका

“वर्षभर बिनपगारी शिकणं मला परवडणार नाही, आणि परदेशी विद्यार्थ्याची फी तर नाहीच नाही. शाळेत नोकरी करत शिक्षक होता येतं म्हणतात. ते खरं आहे, की शाळा स्वस्तात राबवून घेतात?”

रीडिंगला राहणाऱ्या एका बाईंनी आम्हाला हे विचारलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) पुण्याहून गणितात एम.एस्सी., तिथे काही वर्षं क्लासमध्ये शिकवलेलं, बी.एड. नाही. यजमान स्किल्ड वर्कर (नोकरीच्या) व्हिसावर आणि त्या डिपेंडंट, म्हणजे त्यांच्यावर अवलंबून असलेल्या व्हिसावर. इंग्लंडमध्ये येऊन साडेतीन वर्षं झालेली. सध्या एका माध्यमिक शाळेत टीचिंग असिस्टंट. असाच प्रश्न स्लाव, मिल्टन कीन्सकडूनही येतो, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

मार्ग खरा आहे. त्याला पोस्टग्रॅज्युएट टीचिंग अप्रेंटिसशिप म्हणतात. शाळा तुम्हाला नोकरीवर घेते, प्रशिक्षणाची फी तुमच्यावर पडत नाही, आणि साधारण एका शालेय वर्षाच्या शेवटी क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षकाचा दर्जा मिळतो. पण हा ‘प्रवेश’ नव्हे. आधी नोकरी मिळायला हवी, मग शिक्षण. शाळेला पगार द्यावा लागतो, मेंटॉरचा (मार्गदर्शक शिक्षकाचा) वेळ मोकळा करावा लागतो, त्यामुळे जागा थोड्या असतात. ज्या शाळेत तुम्ही आधीच काम करता, तिथल्या मुख्याध्यापकांना ऑक्टोबरमध्ये सरकारी अर्ज सुरू होण्याआधीच विचारलेलं बरं.

बाईंचं पहिलं कोडं राहण्याच्या अटीचं. अप्रेंटिसशिपला सरकारी निधी लागतो, आणि ब्रिटिश नागरिक नसलेल्यांना तो मिळायला साधारणपणे मागची 3 वर्षं यूकेत राहिलेलं असावं लागतं, तेही केवळ शिक्षणासाठीच्या व्हिसावर नव्हे. त्यांची तीन वर्षं भरली होती. मात्र व्हिसाची मुदत प्रशिक्षण संपण्याआधीच संपत होती. कोर्स परवानगीच्या मुदतीत पूर्ण होणार का, हे प्रशिक्षण संस्था तपासतेच. त्यामुळे नूतनीकरणाचं वेळापत्रक आधी लावायला सांगितलं.

दुसरं कोडं अनेकांना चकवतं. पदवी कितीही मोठी असो, गणित आणि इंग्रजीत जीसीएसई (इथली दहावीसारखी शालेय परीक्षा) ग्रेड 4 च्या तोडीचं काहीतरी दाखवावं लागतं. प्राथमिकसाठी विज्ञानातही. एम.एस्सी. गणित असूनही दहावीची गुणपत्रिका शोधावी लागली! त्यांची दहावी मराठी माध्यमातली, म्हणजे इंग्रजी तृतीय भाषा. यूके एनिक या परदेशी पदव्या तपासणाऱ्या संस्थेकडून पदवीचं तुल्यता-पत्र घेतलं तरी इंग्रजीचा प्रश्न उरतो, कारण काय ग्राह्य धरायचं ते प्रशिक्षण संस्था ठरवते. काही संस्था जीसीएसई तुल्यता परीक्षा मान्य करतात, काही नाही. परीक्षेचे पैसे भरण्याआधी संस्थेचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

पगाराचा हिशेब कोरडा असला तरी तो करायलाच हवा. सप्टेंबर 2025 पासून लंडन परिसराबाहेर अजून क्यूटीएस नसलेल्या शिक्षकाची किमान वेतनश्रेणी वर्षाला 22,601 पौंडांवर सुरू होते. त्यातून कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन कापलं जातं. क्यूटीएसनंतरचा सुरुवातीचा पगार 32,916 पौंड. ज्यांना आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) मिळालं आहे आणि स्टुडंट फायनान्स (सरकारी शैक्षणिक कर्ज) घेता येतं, त्यांनी फी भरण्याचा मार्गही तपासावा. 2025-26 मध्ये गणितासाठी 29,000 पौंडांची करमुक्त बर्सरी (विद्यावेतन) होती, आणि 9,535 पौंडांपर्यंतच्या फीला कर्ज मिळत होतं. पगारी मार्ग नेहमीच जास्त पैशांचा नसतो. या बाईंना मात्र ना बर्सरी, ना कर्ज, म्हणून अप्रेंटिसशिपच योग्य होती.

आता “राबवून घेतात का” याबद्दल. घेऊ शकतात, आणि ते पहिल्याच भेटीत ओळखता येतं. एका शाळेने त्यांना रिकाम्या पडलेल्या जागेवर सप्टेंबरपासून जवळजवळ पूर्ण तासिका देऊ केल्या, मेंटॉर कोण ते “नंतर बघू”. आम्ही स्पष्ट नको म्हटलं. नवख्या शिक्षकाला तासाभराच्या धड्याच्या तयारीला सुरुवातीला दीड-दोन तास सहज लागतात. आठवड्याला वीस तासिका मिळाल्या तर झोप जाते, मग वर्गावरचा ताबा जातो, आणि फेब्रुवारीपर्यंत माणूस सोडून देतो. म्हणून होकार देण्याआधी विचारा: पहिल्या सत्रात किती तासिका? मेंटॉर कोण, आणि आठवड्याचा किमान दीड तास त्यांच्या वेळापत्रकात लिहिलेला आहे का? प्रशिक्षणाच्या दिवशी माझा वर्ग कोण सांभाळणार? दुसऱ्या शाळेतला कालावधी कधी? (किमान दोन शाळांत शिकवणं बंधनकारक आहे.) उत्तरं चाचपडत आली, तर ती शाळा तयार नाही.

मुलाखतीतल्या वीस मिनिटांच्या धड्यात त्या अडखळल्या, याचं कारण गणित नव्हतं. क्लासमध्ये मुलं शिकायला आलेली असतात. शेवटच्या तासाला बसलेल्या नववीच्या वर्गाचं तसं नसतं. त्यांनी फळ्यावर पाच उदाहरणं झरझर सोडवली, किती जणांना समजलं ते पाहिलंच नाही. नंतर आम्ही त्यांना दोनच उदाहरणं घ्यायला लावली, प्रत्येकानंतर मुलांनी छोट्या पांढऱ्या पाटीवर उत्तर लिहून वर धरायचं, आणि चुकीचं उत्तर दिसलं की तिथेच थांबायचं. टीचिंग असिस्टंट असण्याचा त्यांना इथे फायदा झाला. विभागप्रमुखांच्या परवानगीने इयर 8 ला (12-13 वर्षांच्या मुलांना) रोज पहिली दहा मिनिटं त्या घेऊ लागल्या.

त्यांच्याच शाळेने पुढच्या वर्षासाठी जागा देऊ केली. होकार देण्याआधी त्यांनी आम्हाला आणखी एक विचारलं: पुढेमागे पुण्याला परतलो तर? या अप्रेंटिसशिपमधून क्यूटीएस नक्की मिळतं, पीजीसीई (शिक्षणशास्त्राचं पदव्युत्तर प्रमाणपत्र) मात्र प्रत्येक संस्था देत नाही, तेव्हा ते आधी विचारून घ्या. आणि क्यूटीएस म्हणजे बी.एड. असं गृहीत धरू नका. महाराष्ट्रातल्या अनुदानित शाळांत बी.एड. मागतात, आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी टीईटीही. उलट ज्यांच्याकडे भारतातलं बी.एड. आणि त्यानंतरचा किमान वर्षभराचा शालेय अनुभव आहे, आणि जे गणित, विज्ञान किंवा भाषा 11 ते 16 वयाच्या मुलांना शिकवतात, त्यांनी पगारी प्रशिक्षणाच्या मागे लागण्याआधी थेट क्यूटीएससाठी अर्ज करता येतो का ते पाहावं. इंग्लंडच्या शिक्षण खात्याने 2023 मध्ये हा रस्ता भारतीय शिक्षकांना खुला केला. डीबीएस तपासणीसोबत (इथल्या गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) भारताचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट मागितलं जाऊ शकतं, त्यामुळे जागा मिळाली की त्याचा अर्ज लगेच टाका.